सुनेच्या वाट्याला

आत्याबाई,

आज डोळे दाखवायला वाशीमला गेले होते. येताना बसमध्ये शेजारी एक तरुण मुलगी बसली होती. गाडी स्टँडच्या बाहेर पडली तशी तिनं पिशवीतून वाळवलेल्या आवळ्याच्या फोडी काढल्या, एक स्वतःच्या तोंडात टाकली आणि एक माझ्यापुढे धरून म्हणाली, "घ्या आजी, बरं वाटते." मी सवयीनं हात पुढे केला. तोंडात आंबट-तुरट चव उतरली आणि तुमची अशी आठवण आली की घरी येऊन पायसुद्धा धुतले नाहीत, आधी कागद शोधला. तुम्हाला पत्र लिहायचं म्हणजे तशी गंमतच आहे. तुम्हाला अक्षरओळख नव्हती. तुमच्या नावानं आलेली सगळी पत्रं मीच वाचून दाखवायची, आणि त्यात काही वाईट बातमी असली की तुम्ही माझ्याकडेच अशा रागानं बघायचात, जणू मीच ती लिहिली. हेही पत्र मीच वाचून दाखवणार आहे, त्यामुळे राग यायचा तो आत्ताच येऊ द्या.

मी इंझोरीला तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा चौथी पास होते, पण भाकर धड थापता येत नव्हती. तुमचा मुलगा दिसायला चांगला, कामाला चांगला. दारूला शिवत नसे, पत्त्यांना हात लावत नसे, गावच्या भजनात त्याच्या खंजिरीशिवाय कुणाचं चालत नसे. त्याच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस साऱ्या गावात सापडला नसता, आणि माझी सगळी पंचाईत तिथंच होती. दारुड्याच्या बायकोला निदान शेजारीण तरी समजून घेते. तुमचा मुलगा शुद्धीत मारायचा. आधी दार लोटायचा, मग डोक्यावरची टोपी काढून दाराजवळच्या खुंटीला नीट अडकवायचा, चुरगळू नये म्हणून, आणि मग माझ्याकडे वळायचा. कारण काहीही असे. आंघोळीचं पाणी गार, वरणात मीठ कमी, विहिरीवरून यायला उशीर. पुढे पुढे मी कारणाकडे लक्ष देणं सोडलं, फक्त खुंटीकडे लक्ष ठेवायला लागले.

एका सकाळी माझा डावा डोळा सुजून मिटला होता. तुम्ही चुलीपाशी पीठ मळत होता, मी खाली मान घालून काड्या पुढे सारत होते. तुम्ही विचारलं, "काय झालं व डोयाले?" मी म्हटलं, "कवाडाची कडी लागली." तुमचे हात थांबले. "कडी तं वरच्या चौकटीले हाय. तू काय खाटेवर चढून भाईर जातं?" मग तुम्ही तव्यावरची भाकर उलटली आणि मला जे सुनावलंत ते आजही कानात आहे. "गावाले सांग कडी लागली. मीबी गावाले तेच सांगीन. पण माह्यासंग खोटं बोलायचं नाई. ह्या चुलीपाशी बसून खोटं बोललेलं मले बिलकुल चालणार नाई, समजलं?" मी मान हलवली. तुम्ही पहिली गरम भाकर माझ्या पुढ्यात टाकली, वर ठेच्याचा गोळा ठेवला आणि म्हणालात, "खाय आता." सासूनं आधी सुनेला वाढलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं.

त्यानंतर तुम्ही मध्ये पडायला लागलात. आधी शब्दानं, मग अंगानं. तुरीच्या काढणीच्या दिवसांत एकदा त्यानं बंडीची उभारी, ते जाड दांडकं, उचलली. मी भिंतीला टेकले होते, डोळे मिटून घेतले होते. आवाज झाला, पण मला काही लागलं नाही. डोळे उघडले तर तुम्ही समोर, उजवं मनगट डाव्या हातात धरून खाली बसलेल्या. उभारी त्याच्या हातातून पडली. तो "माय, माय" करत राहिला आणि तुम्ही त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, मला म्हणालात, "हयद आन." मी हळद कालवून आणली. हाडवैद्यानं पट्ट्या बांधल्या, पण मनगट वाकडं बसलं ते बसलंच. गावात तुम्ही सांगितलंत की विहिरीच्या पायरीवर घसरले. पाणी भरायला आलेल्या बायका हळहळल्या, कुणी पायरीला शिव्या दिल्या. तुम्ही डाव्या हातानं भाकरी थापायला शिकलात. त्या आधी जरा तिरक्या व्हायच्या, मग गोल व्हायला लागल्या.

माझ्या दादाला कुठून तरी कळलंच. वडील नव्हते, घरात तोच मोठा. तो दमणी जुंपून आला, तुमच्या ओट्यावर बसला, पाणी प्याला आणि म्हणाला, आता काडीमोड करू. आपल्यात ते काही नवं नव्हतं. पंचांपुढे गवताची काडी मोडायची, सासरचं मणी-डोरलं उतरवून खाली ठेवायचं, की बाई मोकळी. मोकळी म्हणजे काय, तर दुसऱ्या कुणाशी तिचा पाट लावायला मोकळी. पाट म्हणजे बाईचं दुसरं लग्न, वाजंत्रीशिवाय, घाईघाईत उरकलेलं. दादानं तेही ठरवून टाकलं होतं. "माणूस चांगला हाय," तो मला परसात नेऊन सांगत होता. "बायको मेली बिचाऱ्याची. लेकरं हायेत. संत्र्याचा बगीचा हाय. तुले काई कमी पडणार नाई." मी विचारलं, "मारत तं नाई तो?" दादा गोंधळला. "हे काय कोनाले विचाराची गोष्ट हाय?" त्याचा काही दोष नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला बहिणीला वाचवायचं होतं आणि बहिणीला वाचवायची त्याला ठाऊक असलेली रीत एवढीच होती, एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवायची.

मी आत आले. तुम्ही चुलीपाशीच होता. मी म्हटलं, "आत्याबाई, मला तो बगीचेवाला नको." तुम्ही म्हणालात, "मंग? ह्याच्यापाशी राह्यतं?" "हेही नकोत." "मंग तुले पायजे तरी काय, पोरी?" मी म्हटलं, "मला तुमच्यापाशी राहायचंय." मी मागितलेली गोष्ट आपल्या गावात नव्हतीच. बाई नवऱ्याजवळ असे, माहेरी असे, नाहीतर दुसऱ्या नवऱ्याजवळ असे. नवऱ्याला सोडून सासूजवळ राहायची सोय कुणी केलेली नव्हती. तुम्ही बराच वेळ विस्तव सारखा करत बसलात. मग पदर खोचून ओट्यावर गेलात आणि दादाला म्हणालात, "पंच येत्या बाजारानंतर बसवू. एवढी घाई कायले? तवरोक तू बी घरी जाय, बैलायले चारा घाल." दादा गेला. आणि दुसऱ्या दिवशी, तुमचा मुलगा वावरात असताना, तुम्ही मला म्हणालात, "लुगडं बदल. वाशीमले जाऊन राह्यलो आपण."

सडकेपर्यंत बंडी आणि तिथून सर्व्हिस मोटार. मी जन्मात पहिल्यांदा मोटारीत बसले होते. पत्र्याचा खडखडाट, धूळ, आणि समोरच्या बाकावर तुमच्या मुलाच्या ओळखीचा एक माणूस, जो सारखा आपल्याकडे बघत होता. हा आज गावात जाऊन सांगेल, मग काय होईल, याचा विचार करत मी मंगरूळच्या अलीकडे खिडकीतून ओकले. वाशीम येईपर्यंत ओकतच होते. तुम्ही माझी पाठ चोळत होता. "माय व माय, तुले तं मोटार लागते," असं तुम्ही साऱ्या मोटारीला ऐकू जाईल असं म्हणालात. वाशीमला उतरल्यावर वकिलाकडे जायच्या आधी तुम्ही बाजारात शिरलात, मोटार लागू नये म्हणून वाळवलेल्या आवळ्याची आवळकाठी घेतली आणि माझ्या पदराला बांधली. तिथून पुढे, मला मोटार लागते ही गोष्ट तुमच्या मनात पक्की झाली, जशी लोकांच्या मनात पक्की होते की अमक्याला वांगं चालत नाही.

वकील म्हातारे होते. तुमच्या मालकांचं, मामाजींचं, धुऱ्यावरून म्हणजे शेताच्या बांधावरून झालेलं भांडण त्यांनीच लढलं होतं, त्यामुळे तुम्ही त्यांच्याशी घरच्यासारखं बोलायचात. तुम्ही जमिनीवर फतकल मारून बसलात आणि एका दमात सगळं सांगितलंत, आपल्याच पोटच्या मुलाचं. मी पायाच्या अंगठ्यानं शेणानं सारवलेली जमीन टोकरत होते. वकिलांनी सारं ऐकून घेतलं आणि म्हणाले, नवा कायदा आलाय. तुमच्या जातीच्या रिवाजानं काडीमोड करायला त्याची मनाई नाही. पण दुसराही रस्ता आहे. कोर्टाकडून हुकूम घ्यायचा की हिनं नवऱ्याजवळ राहायची सक्ती नाही. लग्न मोडत नाही, नातं कायम राहतं, फक्त दोघं वेगळे. मारहाणीच्या कारणावरून कायदा एवढंच देतो, पुरती सोडचिठ्ठी देत नाही. हुकमानंतर दोन वर्षं वेगळे राहिलात तर मग मात्र सोडचिठ्ठीही मागता येते.

तुम्ही विचारलंत, "म्हणजे, येगळे निघाल्यासारकं? भाऊ-भाऊ येगळे निघतात तसं? वाटणी?" वकिलांनी चष्मा पुसत म्हटलं, "हो, तसंच समजा, बाई." त्यांनी ते सहज म्हटलं, पण तुमच्या डोक्यात ते कायमचं बसलं. मग तुमचे प्रश्न सुरू झाले. "मंग त्याले हिले ओढून नेता येईन का?" नाही. "अन हिच्या भावाले हिचा पाट लावता येईन?" वकील म्हणाले, अजिबात नाही. लग्न कायम आहे. नवरा जिवंत असताना बायकोचं दुसरं लग्न लावणं आता गुन्हा आहे. तुम्ही माझ्याकडे वळून पाहिलंत आणि आत्याबाई, तुम्ही हसलात. कित्येक महिन्यांत तुम्हाला हसताना पाहिलं नव्हतं. "हा कायदा कोनत्या तरी बाईनंच सांगतला असीन त्यायले," तुम्ही म्हणालात. वकीलही हसले. मग त्यांनी विचारलं, मारताना पाहिलंय असा साक्षीदार कोण? तुम्ही म्हणालात, "मी." "तुम्ही तर त्याची आई." "म्हनूनच तं," एवढंच म्हणालात आणि उठलात.

त्यानंतर तुम्ही मला इंझोरीला परत नेलंच नाही. धनजला तुमच्या भावानं तुम्हाला चोळी-बांगडीसाठी म्हणून दिलेलं थोडं वावर होतं आणि दोन खोल्यांचं घर होतं, तिथं आपण वाशीमहूनच गेलो. दादाला तुम्ही निरोप धाडलात की आता पाट लावशील तर सरकार धरून नेईल. तो चिडला, पंचांना काय तोंड दाखवू म्हणून कुरकुरला आणि दिवाळीला मला लुगडं घेऊन आला. मला वाटतं तो मनातून सुटलाच होता.

खटला अकोल्याला चालला. वाशीम तेव्हा अकोल्यातलाच एक तालुका, मोठं कोर्ट तिकडं. तुमचा मुलगा धुतलेल्या कपड्यांत आला होता, सोबत त्याच्या बाजूनं बोलायला भजनातले दोघं. मला पाहिलं तसा त्याचा हात सवयीनं टोपीकडे गेला. त्यानं टोपी काढली आणि मी आपोआप मागे सरले. पण कोर्टाच्या त्या खोलीत खुंटी नव्हती. त्यानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, टोपी कुठं ठेवावी त्याला कळेना. शेवटी ती दोन्ही हातांत धरून तो उभा राहिला आणि सारा वेळ तसाच उभा होता. मी त्या दिवशी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. केवढा साधा माणूस दिसत होता.

त्याच्या वकिलानं तुम्हाला बरंच छेडलं. आई असून मुलाच्या विरुद्ध बोलता? तुम्ही म्हणालात, "इरुद्ध कायले? लेक माहाच हाय. खून केला असता तरी माहाच राह्यला असता. पण मारलं ते मारलं." मग त्यानं मनगटाचं काढलं. विहिरीवर घसरून पडले असं तुम्ही स्वतःच साऱ्या गावात सांगितलं होतं की नाही? तुम्ही म्हणालात, "सांगतलं. खोटं सांगतलं." "तेव्हा खोटं बोललात, मग आत्ता खरं बोलता हे कशावरून मानायचं?" तुम्ही पदर सारखा केलात, हात पुढे केलात, तो वाकडा हात, आणि म्हणालात, "तवा लेकाची अब्रू झाकून राह्यली होती. किती झाकू? हात झाकला तं हिचा डोया दिसते, डोया झाकला तं पाठ दिसते. लुगडं पुरत नाई, साहेब." तुमचा मुलगा टोपीकडे बघत होता. मला त्याची दया आली असं मी म्हणणार नाही, पण तुमची आली. साक्ष संपवून बाहेर आलात आणि पायरीवर बसून रडलात, तोंडात पदर कोंबून, आवाज न करता. मी पाठ चोळली. त्या दिवशी पाठ चोळायची पाळी माझ्यावर आली होती.

हुकूम ऐकायला आपण पुन्हा गेलो. न्यायाधीशांनी वाचून दाखवलं, वकिलांनी मान हलवली, मला कळलं की झालं. मी उठणार तेवढ्यात तुम्ही उभ्या राहिलात. "साहेब, मी कोनाच्या वाट्याले?"

कोर्टात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. न्यायाधीशांना वाटलं असेल त्यांच्या ऐकण्यात चूक झाली. तुम्ही पुन्हा विचारलंत, जरा मोठ्यानं, "हे दोघं येगळे निघाले. मंग माय कोनाच्या वाट्याले, ते सांगतलंच नाई तुमी." कारण आपल्याकडे भाऊ वेगळे निघाले की वावर वाटतात, बैल वाटतात, भांडी वाटतात आणि सगळ्यात शेवटी म्हातारी माय कुणाकडे जेवणार तेही पंच ठरवतात. तुमच्या लेखी ही वाटणी होती आणि ती अर्धवट राहिली होती. कारकून तोंडावर हात ठेवून हसत होता. न्यायाधीश हसले नाहीत. ते म्हणाले, "बाई, ही वाटणी नाही. यात तुमचा प्रश्न येत नाही." तुम्ही म्हणालात, "येत कसा नाई? माय का हवेत राह्यते?" तेव्हा त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि विचारलं, "तुम्हाला कुणाजवळ राहायचंय?" तुम्ही एका क्षणाचाही विचार केला नाही. "सुनेच्या वाट्याले." ते म्हणाले, "मग राहा. कोर्टाची काही हरकत नाही."

तेवढ्यानं तुमचं समाधान झालं. इंझोरीत, धनजमध्ये, बाजारात, लग्नाकार्यात तुम्ही सगळ्यांना ऐटीत सांगायचात, "कोर्टानं मले सुनेच्या वाट्याले देलं." आणि लोकांचा विश्वास बसला. तुमच्या मुलाचासुद्धा बसला, तो तर तिथं हजर होता. म्हणून त्यानं तुम्हाला घरी चला असं कधी म्हटलं नाही. म्हणाला असता तर तुम्ही गेला असता का, मला आजही सांगता येत नाही. हुकमात तुमचा एका शब्दानंही उल्लेख नव्हता, तो मी वाचला होता. पण तुम्ही कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. हे काही खोटं बोलणं होत नाही, असं मी ठरवून टाकलं.

हुकूम घेऊन धनजला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ मी अजून जपून ठेवली आहे. माझी भाकर करपली. वास आला तशी मी दाराकडे पाहिलं, अंग चोरून. दारात कुणी नव्हतं. ऊन होतं, कोंबडी होती. तुम्ही करपलेली भाकर उचललीत, काळा पापुद्रा नखानं काढलात आणि खाल्लीत. "मले करपलेलीच आवडते," म्हणालात. हे मात्र तुम्ही साफ खोटं बोललात, तेही चुलीपाशी बसून. मग जेवण झाल्यावर तुम्ही दगड घेतलात आणि या घरातही दाराजवळ एक खुंटी होती, ती ठोकून ठोकून ढिली केलीत आणि उपटून चुलीत घातलीत. मी खुंटीबद्दल तुम्हाला कधी काही बोलले नव्हते. तुम्ही विचारलंही नव्हतं. त्या घरात आपण कपडे नेहमी दोरीवरच टाकले. आत्याबाई, मी त्या रात्री दाराला कडी न लावता झोपले, एवढी मी सुटले होते. सुटणं म्हणजे काय ते सांगायला मला अजून दुसरा शब्द सापडला नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही मला पुस्तकांशी पुन्हा जुंपलंत, "चौथी पास होऊन भाकरी करपवतं, त्यापरीस सातवी तरी होय," म्हणून. मी सातवी झाले, शाळेत शिकवायला लागले. पोळ्याला तुमचा मुलगा यायचा, तुमच्यासाठी लुगडं घेऊन. ओट्यावर बसायचा. पाण्याचा तांब्या मी भरायची आणि तुम्ही बाहेर न्यायचात. पुढे त्यानं एक बाई घरात ठेवली, तेव्हा तुम्ही तिला भेटायला गेलात आणि परत आल्यावर मला एवढंच म्हणालात, "मी तिले सांगून आली, काई झालं तं धनजचा रस्ता हाच." ती कधी आली नाही. त्यानं तिला मारलं नाही म्हणतात. ते ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं का, कोण जाणे, मला तर बरंच वाटलं.

आणि हुकमाला दोन वर्षं उलटून गेल्यावर वाशीमच्या वकिलांचा निरोप आला होता, बाजाराला गेलेल्या कुणाबरोबर. आता अर्ज केला तर सोडचिठ्ठी मिळेल, अकोल्याला यावं लागेल. तुम्ही चुलीपाशी होता. मी कांदा चिरत होते. तुम्ही म्हणालात, "पाह्य पोरी, आता पुरती मोकळी होऊ शकतं. तुही मर्जी. मी येतो संग." मी वर न बघता म्हटलं, "नको आत्याबाई. अकोल्यापर्यंत कोण जाईल. मला मोटार लागते." तुम्ही लगेच म्हणालात, "हो व, तुले तं मोटार लागते. राहू दे मंग." आणि फोडणी टाकलीत. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. तुम्ही इतक्या पटकन मानलंत की मला कधी कधी शंका येते. पण तुम्हाला विचारायची हिंमत झाली नाही.

लोकांनी त्याचं काय काय केलं. शाळेतल्या बाया म्हणायच्या, बघा, नवऱ्यानं एवढं छळलं तरी नातं तोडलं नाही. एका कार्यक्रमात माझ्यावर भाषणसुद्धा झालं, सहनशीलतेवर. मी पहिल्या रांगेत बसून सुपारी कातरत होते. त्यांना काय सांगणार? सहन करायला मी तिथं थांबलेच नव्हते.

तुम्ही गेलात त्या दिवशी अंगणात बायका जमल्या. धनजच्या, इंझोरीच्या. तुमचा मुलगा आला होता, विस्तव द्यायला. न्हाऊ कोण घालणार असा प्रश्न निघाला, तेव्हा कुणी तरी म्हणालं, "सून हाय नं घरात." कुणी हरकत घेतली नाही, कुणी विचारलं नाही की ही अजून सून कशी. मी तुम्हाला गरम पाण्यानं न्हाऊ घातलं. उजवं मनगट हळू चोळलं, दुखेल म्हणून. दारात तुमचा मुलगा टोपी हातात धरून उभा होता. ठेवायला खुंटी नव्हती. मी त्याला म्हटलं, "इकडं द्या," आणि टोपी घेऊन कोनाड्यात ठेवली. त्यानंतर मला त्याची भीती कधीच वाटली नाही.

काडी मोडली असती, सोडचिठ्ठी घेतली असती, तर त्या अंगणात मी कोण असते? शेजारीण. जुनी ओळखीची. तुमच्या अंगाला हात लावायचा हक्क दुसऱ्या कुणाचा असता. त्या लग्नातून मला एकच माणूस हवं होतं आणि ते माणूस मी कायद्यानं ठेवून घेतलं. त्या न्यायाधीशांना वाटलं, त्यांनी तुम्हाला माझ्याजवळ राहू दिलं. मी तुम्हाला धरूनच बसले होते.

हे पत्र कुठं टाकणार? तुमच्या लुगड्याच्या घडीत ठेवून देते, तिथं जुन्या आवळकाठीचा वास अजून आहे. आपण किती वेळा मोटारीनं गेलो, लग्नांना, दवाखान्यात, शाळेच्या कामाला, आणि प्रत्येक वेळी तुम्ही आठवणीनं माझ्या पदराला आवळकाठी बांधलीत. प्रत्येक वेळी मी ती चघळली आणि तुम्ही विचारलंत तेव्हा सांगितलं की हो, आता बरं वाटतंय. त्या पहिल्या दिवशी मी ओकले ती भीतीनं. समोरच्या बाकावरच्या त्या माणसाच्या भीतीनं. तुम्ही बजावल्यानंतर तुमच्या चुलीपाशी बसून मी एकच खोटं बोलले, आणि ते आज सांगते. मला मोटार कधीच लागत नव्हती, आत्याबाई.